लोकअदालतीच्या दिवशी मी देवरीला होते

मी वकिली शिकले ती एका माणसाकडून. कायद्याची पुस्तकं कॉलेजात वाचली होती, परीक्षा दिल्या होत्या. पण दावा कसा मांडायचा, साक्षीदाराला उलटतपासात कुठवर मोकळं सोडायचं, न्यायाधीश पेन खाली ठेवून आपल्याकडे बघायला लागले की बोलणं आवरायचं की रेटायचं, हे पुस्तकात नव्हतं. ते सरांनी शिकवलं. त्यांचं ऑफिस गोंदियात होतं. दिवाणी दाव्यांत त्यांना मान होता आणि तालुक्याच्या कोर्टांमध्येही त्यांच्या तारखा असायच्या.

आमच्या घरात काळा कोट घालणारी मी पहिलीच. वडील आयुष्यभर दुसऱ्यांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, राबले. सनद मिळाल्यावर मी तीन-चार वकिलांकडे गेले होते. प्रत्येकाने आधी आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग "सध्या जागा नाही" म्हणून सांगितलं. आडनावावरून काय कळतं ते मलाही कळत होतं. सरांनी आडनाव विचारलंच नाही. समोर एक जुनी फाईल सरकवली आणि म्हणाले, "यात आपली बाजू कुठं कच्ची आहे ते संध्याकाळपर्यंत सांग." संध्याकाळी मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उद्यापासून ये."

पुढे कितीतरी वर्षं मी रोज कुडव्याहून स्कूटीवर त्यांच्या ऑफिसात जात राहिले. त्यांच्या बायकोला मी काकू म्हणायचे. काकूंच्या हातचं जेवले, त्यांच्या मुलीला बारावीत इंग्रजी शिकवलं, सरांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात बसले. माझ्या वडिलांचं निधन झालं तेव्हा सर आमच्या गावी आले होते. बुद्धविहारासमोरच्या सतरंजीवर आमच्या लोकांत बसले, शेवटपर्यंत उठले नाहीत. हे सगळं खरं होतं, असं मला आजही वाटतं. म्हणूनच पुढचं सांगायला जड जातं.

माझी मावशी गोरेगाव तालुक्यातल्या एका गावात राहते. आईची मोठी बहीण. अकरावी-बारावीला मी तिच्याकडेच होते, कारण तिथून कॉलेज जवळ. मावसा लवकर गेला. मूलबाळ नाही. रस्त्याला लागून दोन एकराची बांधी होती, ती मावशीने एकटीने कसली. बोलणं कमी. पहाटे उठून माझ्यासाठी भात-भाजी करून ठेवायची आणि शेतात निघून जायची. मी वकील झाले तेव्हा तिने सगळ्या गल्लीला सांगितलं, आणि मला मात्र एवढंच म्हणाली, "कोट धुवाले बाहेर नोको टाकू. घरीच धुत जाय."

तिच्या बांधीच्या बाजूला एक राईस मिल उभी राहिली. उसना तांदूळ काढणारी. उसन्यासाठी धान भिजवतात, उकडतात, आणि उरलेलं पाणी पिवळट काळं असतं, त्याला आंबूस घाण वास येतो. आधी मिलवाले ते एका खड्ड्यात सोडायचे. खड्डा भरला तसं एके दिवशी त्यांनी धुरा, म्हणजे मधला बांध, फोडला आणि पाणी मावशीच्या बांधीत सोडून दिलं. उभा धान आधी पिवळा पडला, मग बुडातून सडून आडवा झाला. मावशी मिलवर गेली तर मॅनेजर हसून म्हणाला, "बाई, पानीच तो है. धान को पानी नहीं लगता क्या?" सरपंच म्हणाले, बघू. तलाठी म्हणाले, हे आमच्याकडे येत नाही.

मग मावशी एसटीने गोंदियाला आली. पिशवीत पाण्याची प्लास्टिकची बाटली होती, आणि तिच्यात मिलचं ते पाणी. मी तिला सरांसमोर बसवलं. तिने बाटली टेबलावर ठेवली. सरांनी झाकण उघडलं, वास घेतला आणि चेहरा बाजूला केला.

"हे तुमच्या शेतात येतं?"

"येते म्हंजे? थांबतच नाही जी. दिवसरात येऊन राहिलं."

सरांनी झाकण लावलं. माझ्याकडे वळून म्हणाले, "दावा तू लिही. उभा मी राहीन."

तो दावा मी मनापासून लिहिला. मिलने मावशीच्या जमिनीत सांडपाणी सोडू नये असा कायमचा मनाई हुकूम द्यावा, आणि निकाल लागेपर्यंत तात्पुरता तरी द्यावा, एवढंच मागणं. सरांनी माझी वाक्यं कापली, जोडली, एक परिच्छेद पार काढून टाकला. म्हणाले, "रडगाणं नको. बांधी कुठं, मिल कुठं, पाणी कुठून कुठे, एवढं न्यायाधीशांना डोळ्यांसमोर दिसू दे. पुढचं ते स्वतःच करतील."

तालुक्याच्या कोर्टात सर उभे राहिले. न्यायाधीश तरुण होते. त्यांनी मिलच्या वकिलाचं ऐकलं, सरांचं ऐकलं, मग मावशीला पुढे बोलावून दोन-तीन गोष्टी विचारल्या. तात्पुरता मनाई हुकूम मिळाला. बाहेर आल्यावर मावशी कोर्टाच्या आवारातल्या कडुलिंबाखाली बराच वेळ उभी राहिली. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "साहेब मले बाई म्हनले. ओरडले नाही."

पाणी थांबलं. मिलवाल्यांना टँकर लावून ते दुसरीकडे न्यावं लागलं. पुढच्या हंगामात मावशीने रोवणी केली. धान पहिल्यासारखा नाही आला, पण आला. त्या वर्षी नवीन तांदळाचं पोतं घेऊन ती सरांच्या घरी गेली. काकूंनी तिला आत बसवून चहा दिला. मावशी मला म्हणाली, "तुहा साहेब देवमानूस आहे वो." मलाही तसंच वाटत होतं.

मुख्य दावा मात्र बाकी होता. मिलने कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, दिलं, मग वेळ मागितला, मग आणखी वेळ मागितला. कधी न्यायाधीश रजेवर, कधी त्यांचा वकील आजारी. मावशी प्रत्येक तारखेला यायची. तिला येण्याची गरज नाही असं मी किती वेळा सांगितलं, पण ती यायचीच. मागच्या बाकावर पदर आवरून बसायची आणि आपलं नाव पुकारलं की उभी राहायची.

एका रविवारी मी एका फाईलवर सरांची सही घ्यायला त्यांच्या घरी गेले. अंगणात एक मोठी गाडी उभी होती. काकूंनी दार उघडलं. नवी साडी, केसात गजरा, चेहरा फुललेला.

"अगं ये ना! बरं झालं आलीस. आमचे व्याही आलेत. पोरीचं जमलं!"

मी आत पाऊल टाकलं आणि सोफ्यावर बसलेल्या माणसाला ओळखलं. मिलचा मालक. आमच्या दाव्यातला प्रतिवादी. शेजारी त्याचा मुलगा, सरांच्या मुलीचा होणारा नवरा. मुलगी आतून लाजत पेढे घेऊन आली, माझ्या गळ्यात पडली. मालकाने मला ओळखलं असावं. हसून म्हणाला, "आओ बेटा, मुँह मीठा करो."

मी पेढा घेतला. मुलीला मी लहानपणापासून बघितलं होतं, तिच्या तोंडावर काय बोलणार? सर मला बाहेर अंगणात घेऊन आले.

"तुझ्या मनात काय आलं ते मला कळलं," ते म्हणाले. "पोरांनी एकमेकांना पसंत केलं. आपण काय करणार? नातं घरात, कोर्ट कोर्टात."

"पण सर, आपण यातून बाहेर पडायला नको का? मावशीला दुसरा वकील..."

"तुझ्या मावशीला दुसऱ्या वकिलाच्या दारात पाठवू? एवढी वर्षं चालवलेला दावा? उलट आता ते माझं ऐकतील. सगळं नीट मिटेल बघ."

मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. ज्या माणसाने मला खरं-खोटं कसं ओळखायचं ते शिकवलं, त्याच्याच बोलण्यात खोटं शोधायचं, हे मला सुचलंसुद्धा नाही.

लग्न झालं. मीही गेले होते, मेंदीला बसले होते. त्यानंतर थोड्याच दिवसांनी सर म्हणाले, "मिलवाले तयार आहेत. स्वतःच्या जागेतून नाल्यापर्यंत पक्की नाली बांधणार. लोकअदालतीत समझोता करून टाकू. तुझ्या मावशीची ये-जा संपेल."

ऐकायला चांगलंच होतं. लोकअदालतीत दोन्ही बाजूंच्या संमतीने तंटा मिटतो आणि तो निवाडा कोर्टाच्या हुकमासारखाच पक्का असतो. मी मावशीला फोन केला.

"तू म्हनत असशीन त करते," ती म्हणाली. "पन सही कराच्या आंधी तू मले वाचून दाखव. मले पुरं वाचता नाही येत."

"मी असते ना तिथं."

लोकअदालतीच्या आदल्या दिवशी सरांनी मला बोलावलं. देवरीच्या कोर्टातही उद्याच लोकअदालत होती. तिथं आमच्या ऑफिसच्या एका पक्षकाराचा अपघाताच्या दाव्यातला समझोता होता. "तू देवरीला जा," ते म्हणाले, "तो माणूस भांबावतो, कुणीतरी सोबत पाहिजे."

"सर, उद्या मावशीचं आहे."

"मी आहे ना तिथं." आणि मग थोडं दुखावल्यासारखं, "तुझी मावशी माझी कुणीच नाही का?"

मला लाज वाटली. मी देवरीला गेले. तिथला समझोता होईपर्यंत दुपार टळली. परत निघताना मावशीला फोन लावला.

"झालं का?"

"झालं. सायबानं जिथं सांगतली तिथं सही केली. मले गुलाबाचा फूल देल्ला, फोटो काढला. मिलवाला पाया पडला माह्या."

"वाचून दाखवलं ना?"

"सायबानं सांगतलं ना सारं. नाली बांधून देतेत म्हने."

मी निश्चिंत झाले.

धान कापून झाला, बांध्या सुकल्या. एका सकाळी मी कोर्टात निघायच्या तयारीत होते तर मावशीचा फोन आला. मागे इंजिनाचा आवाज, आणि त्यावर तिचा चढलेला आवाज.

"पोरी, जेसीबी आली ना माह्या बांधीत! मधातून खंदून राहिले. मी पुढं उभी आहो. हे मले म्हनतेत, बाई, तूच लिहून देल्लं. का लिहून घेतलं वो तुह्या सायबानं?"

मी स्कूटी काढली. पोहोचले तेव्हा मावशी जेसीबीच्या दातांसमोर उभी होती, हातात विळा, पदर कमरेला खोचलेला. बांधीच्या एका टोकापासून मधोमध चर खणत आणली होती. मॅनेजर धुऱ्यावर छत्री घेऊन उभा होता. मला बघून त्याने निवाड्याची प्रत पुढे केली. "कोर्ट का हुकूम है मॅडम. हम अपने मन से थोडे ही आए."

मी तिथंच, ढेकळांत उभी राहून वाचलं. वादी बाई राजीखुशीने आपल्या जमिनीतून मिलच्या सांडपाण्याची भूमिगत पाइपलाइन नेण्यास कायमची परवानगी देत आहे. देखभालीसाठी मिलच्या माणसांना जमिनीत येण्याजाण्याचा हक्क राहील. वादीने दाव्यातील सर्व मागण्या सोडून दिल्या आहेत.

मिलच्या जागेतल्या नालीचा कुठे उल्लेख नव्हता. आणि ती वाक्यं कुणी लिहिली हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. एक शब्द जास्त नाही, एक शब्द कमी नाही. ती ठेवण सरांची होती. मी वर्षानुवर्षं तसं लिहायला शिकत होते.

"का लिहिलं आहे, वाचून सांग," मावशी म्हणाली.

मी सांगितलं.  ती विळा खाली टाकून धुऱ्यावर बसली. जेसीबी पुन्हा सुरू झाली.

मी थेट सरांच्या ऑफिसात गेले. पक्षकार बसले होते. सरांनी त्यांना बाहेर जायला सांगितलं आणि दार लोटलं.

"पाइप जमिनीखालून आहे," मी काही बोलायच्या आत ते म्हणाले. "वर धान लाव म्हणावं. तिचं काय जातंय?"

"तुम्ही तिला सांगितलं होतं, नाली त्यांच्या जागेतून."

"बोलणं झालं होतं तसं. नंतर त्यांचा नकाशा बसेना. लोक ऐकतात ते त्यांना हवं तेवढंच."

"तुम्ही मला देवरीला पाठवलंत."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मी वाट बघत होते. खरं सांगते, त्या क्षणीसुद्धा मी वाट बघत होते की ते म्हणतील, चुकलं माझं, पोरीच्या सासरच्यांनी गळ घातली, चल आपण काहीतरी करू. एवढं म्हणाले असते तर मी कदाचित त्यांच्या बाजूने विचार करायला लागले असते.

ते म्हणाले, "लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं. हे तुला मीच शिकवलंय ना?"

मी माझी पुस्तकं आणि कोट घेतला आणि निघाले. बाहेर बसलेल्या पक्षकारांतली एक म्हातारी म्हणाली, "मॅडम, माही तारीख कवा हाये?" मी तिला तारीख सांगितली. जिन्यावर आले आणि तिथेच पायरीवर बसले.

अपील नसतं हे खरं. पण फसवणूक करून निवाडा मिळवला असेल तर हायकोर्टात दाद मागता येते. त्यासाठी वकील पाहिजे होता, आणि गोंदियात कुणी हात लावायला तयार नव्हतं. एकाने तर सरळ विचारलं, "ज्याने तुला उभं केलं त्याच्याच विरोधात?" बार रूममध्ये मी गेले की बोलणं दुसऱ्या विषयावर जायचं. कालपर्यंत माझ्यासाठी चहा सांगणारे लोक मोबाइलमध्ये बघायला लागायचे.

शेवटी नागपूरला एक वयस्कर वकीलबाई भेटल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिलं वाक्य बोलल्या ते असं: "यात तू वकील नाहीस. तू साक्षीदार आहेस. हे डोक्यात पक्कं बसव, नाहीतर मला तुझा उपयोग नाही." मी सरांच्या विरोधात प्रतिज्ञापत्र केलं. 

याचिकेत सरांनाही पक्षकार केलं होतं, मग त्यांचं उत्तर आलं. ते वाचायला मी नागपूरला गेले होते. त्यांनी शपथेवर लिहिलं होतं की वादी ही माझ्या कनिष्ठ सहकारी वकिलाची सख्खी मावशी आहे, समझोत्याच्या सर्व अटी त्या सहकारी वकिलानेच वादीला वाचून आणि समजावून सांगितल्या, आणि त्यानंतरच वादीने सही केली.

म्हणजे मीच. फसवणूक झालीच असेल तर ती माझ्याकडून.

पाइपलाइनपेक्षा मला ते जास्त लागलं. जावयासाठी, मुलीच्या संसारासाठी त्यांनी मावशीचं शेत दिलं, हे मी कसंतरी समजून घेऊ शकत होते. पण स्वतः सुटण्यासाठी त्यांनी मला पुढे केलं. माझ्या वडिलांच्या सतरंजीवर बसलेला तो माणूस, आणि शपथेवर हे लिहिणारा हा माणूस, मला एक करता येईना. अजूनही येत नाही.

ही बातमी गावात माझ्याआधी पोहोचली. मिलवाल्यांनीच पोहोचवली असणार. मी मावशीकडे गेले तर घरापुढच्या सपरीत तिचा दीर बसला होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "आपलीच पोरगी, अना आपल्यालेच बुडवते. शिकून हेच करते का?"

 तो गेल्यावर तिने मला पाणी दिलं, आणि समोर बसली.

"खरं सांग," ती म्हणाली. "तुले मालूम होता का?"

"मावशी!"

"रागावू नोको. कायले रागवतं? तोही त सायबच होता. त्याच्यावरही माहा भरोसा होता."

"मला माहीत नव्हतं. मी तिथं नव्हतेच."

"बरं," ती म्हणाली, आणि चूल पेटवायला उठली. विश्वास ठेवला की नाही, कळलं नाही. त्या दिवशी मी तिथंच जेवून आले.

नागपूरच्या वकीलबाईंनी मात्र सरांचं ते उत्तर वाचून टेबलावर हात आपटला. "हेच तर पाहिजे होतं! तू त्या दिवशी कुठं होतीस?" मी म्हटलं, देवरीला. "मग देवरीच्या कोर्टात त्या दिवशीच्या समझोत्यावर तुझी सही असेल ना? वकील म्हणून?" होती. तिथल्या न्यायाधीशांसमोर मी हजर होते, तशी नोंद होती. नक्कल मिळवली, जोडली. ज्या कामाला सरांनीच मला लांब धाडलं होतं, त्याच कामाने त्यांचं म्हणणं खोटं ठरलं.

हायकोर्टात सुनावणी फार वेळ चालली नाही. मावशी आणि मी मागे उभ्या होतो. न्यायमूर्तींनी मिलच्या वकिलाला विचारलं, "अटी कुणी समजावल्या म्हणता?" त्याने माझं नाव घेतलं. "आणि त्या तर त्या वेळी देवरीच्या कोर्टात हजर होत्या?" वकील कागद चाळत राहिला. मग म्हणाला, "माय लॉर्ड, पक्षकाराकडून सूचना घेतो." न्यायमूर्ती म्हणाले, "गरज नाही."

निवाडा रद्द झाला. दावा जिथं होता तिथून पुन्हा चालवायचा, तोवर पाइपमधून पाणी सोडायचं नाही. हुकमात लिहिलं होतं की वादीला अटी समजावल्या गेल्याचं दिसत नाही. कुणी समजावल्या नाहीत, कुणी खोटं लिहिलं, त्यावर एक ओळही नव्हती. बाहेर मावशीने विचारलं, "सायबाले काही नाही झालं?" मी म्हटलं, नाही. बार कौन्सिलकडे मी तक्रार केली आहे. ती अजून तिथंच आहे.

दावा परत तालुक्याला आला. हायकोर्टातलं माझं साक्षीदाराचं काम संपलं होतं, म्हणून आता मावशीच्या बाजूने मी उभी राहिले. न्यायाधीश बदलून दुसरे आले होते. कोर्टाने कमिशनर नेमला, त्याने बांधीत येऊन पाहणी केली, माती बघितली, चर बघितली, नकाशा काढला. मग मिलच्या मालकाचा उलटतपास मी घेतला. सर सांगायचे तसा आवाज खाली ठेवून विचारत गेले. पाणी कुठून निघतं? कुठे जातं? टँकर कधी बंद केले? तुमच्या स्वतःच्या जागेतून नाल्यापर्यंत उतार आहे की नाही? शेवटच्या प्रश्नाला तो आधी नाही म्हणाला, मग कमिशनरचा नकाशा दाखवल्यावर म्हणाला, "है, लेकिन वहाँ गोदाम बनाना था."

निकाल मावशीच्या बाजूने लागला. मिलने तिच्या जमिनीत कधीच सांडपाणी सोडायचं नाही, पाइप काढून चर बुजवून द्यायची. न्यायाधीशांनी हुकूम वाचला तेव्हा मावशी उभी होती. तिला मधलं काही कळलं नसावं, पण "पाइप काढून" एवढं ऐकल्यावर तिने दोन्ही हात जोडले.

व्हरांड्यात आम्हाला सर भेटले. दुसऱ्या कुठल्या तारखेला आले असतील. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते माझ्यासमोर थांबले. केस बरेच पांढरे झाले होते.

"उलटतपास चांगला घेतलास म्हणे," ते म्हणाले. "गोदामाचं काढलंस ते बरोबर केलंस."

त्यांचा आवाज अगदी पूर्वीसारखा होता, मी पहिल्यांदा दावा लिहून आणला तेव्हासारखा. मध्ये काही घडलंच नाही अशा आवाजात ते मला शाबासकी देत होते. मला त्यांच्या अंगावर ओरडावंसं वाटलं. आणि त्याच क्षणी, ती शाबासकी ऐकून आत कुठंतरी बरंही वाटलं, त्याचा मला जास्तच राग आला.  मावशी माझ्या पुढे झाली आणि त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "चाल पोरी, बस सुटन." आम्ही निघालो.

चर बुजवली, पण त्या पट्ट्यात वरची काळी माती खाली गेली आणि खालचा मुरूम वर आला. तिथं धान अजून खुरटा येतो. मिलने गोंदियाच्या जिल्हा कोर्टात अपील केलं आहे. अपिलासाठी मावशीचं नवीन वकीलपत्र पाहिजे होतं, म्हणून मागच्या महिन्यात मी तिच्याकडे गेले. कागद पुढे ठेवला आणि पेन दिलं.

तिने पेन हातात घेतलं नाही. कागदाची घडी केली, पदराखाली धरला आणि म्हणाली, "थांब. गुरुजीकडून वाचून आनते."

गुरुजी म्हणजे शेजारचे निवृत्त शिक्षक. मी म्हटलं, "मावशी, मी वाचून दाखवते ना."

"तू वाचशीनच," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, खुन्नस नव्हती. "पन मी आता सही कराच्या आंधी सारेच कागद त्यायच्याकडून वाचून आनते. कोनाचेही रायले तरी."

ती चपला घालून गेली. तिचं बरोबर होतं. मी माझ्या पक्षकारांना हेच सांगते, दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या म्हणून. ज्या घरी अकरावी-बारावी काढली त्या घराच्या सपरीत मी एकटी बसून राहिले. समोरच्या घरातून गुरुजींचा आवाज येत होता. ते एकेक शब्द सावकाश वाचत होते, आणि मावशी मधेमधे विचारत होती, "याचा मतलब का होते जी?"